धाप, सुई आणि पुरावा

जिन्याच्या दहा पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभी राहणारी, बोलताना एका वाक्यात दोनदा श्वास घेणारी माणसे आपल्या सर्वांच्या परिचयाची असतात. कोणी आयुष्यभर विडी ओढलेले आजोबा असतात, तर कोणी चाळीस वर्षे चुलीपुढे बसून स्वयंपाक केलेली आजी. घरचे लोक याला ‘दमा’ म्हणतात. डॉक्टर अनेकदा ‘सीओपीडी’ असे लिहून देतात. सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. औषधे चालू असतातच, पण धाप पूर्णपणे जात नाही. मग कोणीतरी सुचवते, “एकदा अ‍ॅक्युपंक्चर करून बघा. आमच्या मेव्हण्यांना फार फरक पडला.”

फरक पडतो का? विज्ञान शिकवणाऱ्या मित्रांकडून हा प्रश्न आम्हाला वारंवार येतो. बरेचदा त्यामागे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दाची अपेक्षा असते. परंतु हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा सरळ नाही. ‘फरक’ म्हणजे नेमके कशात? आणि तो सुईमुळेच पडला हे ठरवायचे कसे? या दोन उपप्रश्नांची उत्तरे शोधताना वैद्यकीय पुरावा कसा तयार होतो हे फार चांगले समजते. म्हणून या लेखात आपण तोच मार्ग धरू.

आजार किती मोठा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ साली सीओपीडीने जगात सुमारे ३५ लाख लोक मरण पावले. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा होता. भारतात १९९० साली या आजाराचे अंदाजे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, ते २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला.

हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधले. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूडफाटा, शेण्या, काटक्या यांचा धूर घरात सोसणारे सुमारे ३०० कोटी होते. म्हणजे चुलीचा धूर हे या आजाराचे फार मोठे कारण असणार. ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही अशा स्त्रियांना धाप का लागते, याचे उत्तर यात आहे.

फुप्फुसात काय बिघडते?

आपल्या श्वासनलिकेला झाडासारख्या फांद्या फुटत जातात. शेवटच्या बारीक डहाळ्यांना वायुकोशांचे घोस लागलेले असतात. प्रौढ माणसात असे सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो.

वर्षानुवर्षे धूर आत गेला की दोन गोष्टी घडतात. बारीक नळ्यांच्या भिंती सुजून जाड होतात, त्यांत कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. दुसरे म्हणजे वायुकोशांच्या भिंती फाटतात आणि अनेक लहान कोशांचा मिळून एक मोठा, सैल फुगा होतो. या भिंतींच्या ताणामुळेच बारीक नळ्या उघड्या राहत असत. तो ताण गेला की श्वास सोडताना त्या मिटू लागतात.

त्यामुळे या रुग्णाची खरी अडचण हवा आत घेण्यापेक्षा ती बाहेर सोडण्याची असते. स्वस्थ बसलेले असताना कसेबसे निभावते. चालायला लागले की श्वास जलद होतो, सोडायला वेळ कमी मिळतो आणि जुनी हवा आतच अडकून राहते. आधीच फुगलेल्या छातीत आणखी हवा भरावी लागते. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, खाली दाबला जाऊन सपाट होतो आणि त्याचा जोर कमी पडतो. ही अवस्था माणसाला धाप म्हणून जाणवते.

नळी थोडी अरुंद झाली तर एवढा फरक का पडावा? संथ प्रवाहाचा एक नियम येथे उपयोगी पडतो. दाब तेवढाच ठेवला तर नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह निम्मा न होता सोळावा हिस्सा होतो. मोठ्या श्वासनलिकेत हवा खळबळत वाहते, तेथे हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु लहानशा अरुंदपणाची किंमत किती मोठी असते, याची कल्पना त्यावरून येते.

वर्गात करून पाहा. शीतपेयाची एक बारीक नळी घ्या. नाक चिमटीत धरून अर्धा मिनिट फक्त नळीतून श्वास घ्या आणि सोडा. प्रथम उभे राहून, मग वर्गात सावकाश चालत. त्रास वाटताच नळी काढायची. दमा किंवा सर्दी-खोकला असलेल्या मुलांनी हा प्रयोग करू नये. प्रयोग झाल्यावर प्रत्येकाने आपल्याला किती धाप लागली त्याला शून्य ते दहा यांमधील गुण द्यावेत. हे गुण फळ्यावर लिहून ठेवा. नळी सर्वांची सारखी असूनही गुण सारखे येणार नाहीत. ही गोष्ट पुढे कामाची आहे.

एकाच त्रासाची दोन मापे

धापेचा विचार करताना दोन वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात.

पहिली म्हणजे हवेचा प्रवाह. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली स्पायरोमीटर या उपकरणाने दोन हजारांहून अधिक लोकांची फुप्फुसाची क्षमता मोजली. १९४७ साली फ्रान्समध्ये तिफनो यांनी तिला वेळेची जोड दिली. पूर्ण श्वास भरून जोराने फुंकल्यावर पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे ते माप. निरोगी तरुण माणूस एकूण हवेपैकी पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त हवा पहिल्या सेकंदातच बाहेर टाकतो. श्वासमार्ग रुंदावणारे औषध देऊनही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली राहिले तर डॉक्टरांना सीओपीडीची शंका येते. या मापाला आपण ‘एका सेकंदाची फुंकर’ म्हणू.

दुसरी गोष्ट म्हणजे धापेची जाणीव. ती रुग्णालाच ठाऊक असते, म्हणून त्यालाच विचारावी लागते. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तयार केलेल्या मापपट्टीवर शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे तीव्र आणि दहा म्हणजे परमावधी. रुग्णाला सपाट व्हरांड्यात सहा मिनिटे त्याच्या चालीने चालायला सांगतात, किती मीटर अंतर गेले ते नोंदवतात आणि शेवटी धापेला गुण द्यायला सांगतात.

ही दोन मापे नेहमी बरोबर चालत नाहीत. फुंकर सारखीच असलेल्या दोन रुग्णांपैकी एक बाजारात जाऊन येतो, तर दुसऱ्याला अंघोळीनंतरही दम लागतो. स्नायूंची ताकद, मनातील भीती, झोप, वजन या साऱ्यांचा जाणिवेवर परिणाम होतो. म्हणून ‘जाणीव’ म्हणजे ‘भ्रम’ असे समजू नये. वेदना जशी खरी असते तशीच धापही खरी असते.

सुईचा उपचार

अ‍ॅक्युपंक्चरमध्ये केसासारख्या बारीक, भरीव सुया शरीरावरील ठरावीक बिंदूंवर टोचतात. ही चिनी परंपरा सुमारे दोन हजार वर्षांची आहे. तिच्या मते शरीरात ‘ची’ नावाची शक्ती बारा मुख्य मार्गांतून वाहते. तिचा प्रवाह अडला की आजार होतो आणि सुईने तो मोकळा करता येतो. या मार्गांपैकी एक ‘फुप्फुसाचा मार्ग’ आहे. तो छातीच्या वरच्या भागातून निघून हाताच्या अंगठ्यापर्यंत जातो आणि त्यावर अकरा बिंदू मानलेले आहेत. शरीररचनाशास्त्राला असे मार्ग सापडलेले नाहीत. पण कारणमीमांसा चुकीची असली तरी उपचार उपयोगी असू शकतो. म्हणून ‘ची’ आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा उपचाराची चाचणी घेणे अधिक फलदायी ठरते.

भारतात ही पद्धत येण्यामागे एक आपुलकीचा धागा आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते शल्यचिकित्सक होते आणि १९४२ साली चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कलकत्त्यात सुरू केले. महाराष्ट्रात आज या पद्धतीसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. मात्र कायद्याची मान्यता म्हणजे अमुक आजारावर अमुक उपचार लागू पडतो याचा पुरावा नव्हे. तो चाचणीतूनच मिळतो.

‘बरे वाटले’ एवढे पुरेसे का नाही?

समजा शंभर रुग्णांना सुया टोचल्या आणि साठ जणांनी ‘बरे वाटते’ असे सांगितले. सुईचा गुण सिद्ध झाला का? नाही, कारण बरे वाटण्याची इतरही कारणे असतात. रुग्ण नव्या उपचाराकडे वळतो तो बहुधा त्रास सर्वांत वाढलेला असताना. सीओपीडीचा त्रास ऋतूप्रमाणे, थंडीप्रमाणे, सर्दी-पडशाप्रमाणे कमीजास्त होतो. वाढलेला त्रास काही दिवसांनी आपोआप थोडा उतरतो. शिवाय उपचार करणारा माणूस अर्धा तास जवळ बसतो, विचारपूस करतो, शांत पडून राहायला लावतो. त्यानेही बरे वाटते. आणि आपल्यासाठी कष्ट घेणाऱ्याला ‘काही उपयोग झाला नाही’ असे तोंडावर सांगणे अनेकांना जड जाते.

यातले पहिले कारण फाशांनी फार छान दाखवता येते. चाळीस मुलांना एकेक फासा टाकायला सांगा. ज्यांना पाच किंवा सहा पडले ते ‘जास्त त्रासाचे रुग्ण’. त्यांचीच निवड करा. प्रत्येकाच्या मनगटाला पेन्सिलीचे टोक हलकेच लावा, हा आपला उपचार. आता त्यांना पुन्हा फासा टाकायला सांगा. पहिल्या खेपेला त्यांची सरासरी साडेपाचच्या आसपास होती, आता ती साडेतीनच्या आसपास येईल. पेन्सिलीने कोणाचाही फासा बदललेला नाही. टोकाच्या स्थितीत निवडलेली माणसे पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकतात, एवढेच घडले. आता ज्यांना एक किंवा दोन पडले त्यांना पेन्सिल लावून पाहा. त्यांचा ‘त्रास’ वाढलेला दिसेल!

या साऱ्यातून उपचाराचा स्वतःचा गुण वेगळा काढायचा तर तुलनेसाठी दुसरा गट हवा. रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवायला हवे आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळता कामा नये. गोळीच्या बाबतीत हे सोपे आहे, साखरेची तशीच दिसणारी गोळी देता येते. पण सुईचे काय करायचे? टोचली की नाही, हे कळणारच.

लटकी सुई

१९८६ साली ब्रिटनमधील डॉ. जॉब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धापेने हैराण झालेल्या २४ रुग्णांच्या बारा जोड्या केल्या. जोडीतील एकाला परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या, तर दुसऱ्याला गुडघ्याच्या वाटीवर, म्हणजे जेथे कोणताही बिंदू मानलेला नाही अशा जागी. तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटाची धाप अधिक कमी झाली होती आणि सहा मिनिटांत ते अधिक अंतर चालत होते. एका सेकंदाची फुंकर मात्र कोणत्याच गटात बदलली नव्हती.

हा निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुईने नळ्या रुंद झाल्या नाहीत, फाटलेले वायुकोश जुळून आले नाहीत. काही बदलले असेल तर ती जाणीव. पण चोवीस रुग्ण म्हणजे फारच थोडे झाले.

१९९८ साली जर्मनीतील श्ट्राइटबेर्गर यांनी एक युक्ती काढली. नाटकातील खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी ही सुई असते. तिचे टोक बोथट असते. त्वचेवर दाबली की टोचल्यासारखे वाटते, पण सुई आत न शिरता मुठीत सरकते. एका लहान कड्यामुळे ती त्वचेवर उभी राहते. पाहणाऱ्याला आणि रुग्णाला ती खऱ्या सुईसारखी दिसते. पुढे अशाच तत्त्वावरील आणखी सुया तयार झाल्या.

अशी लटकी सुई वापरून जपानमध्ये डॉ. मासाओ सुझुकी आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २००९ या काळात सीओपीडीच्या ६८ रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ३४ जणांना खऱ्या सुया, ३४ जणांना लटक्या. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. दोन्ही गटांची नेहमीची औषधे चालूच होती. सहा मिनिटे चालल्यानंतरच्या धापेचे बोर्ग-पट्टीवरील सरासरी गुण खऱ्या सुईच्या गटात ५.५ वरून १.९ वर आले. लटक्या सुईच्या गटात ते ४.२ होते, ते ४.६ झाले. खऱ्या सुईच्या गटाचे चालण्याचे अंतरही वाढले.

हा परिणाम लक्षणीय आहे. तो नजरेआड करणे योग्य नाही. परंतु तो वाचताना काही शंका विचारायला हव्यात. दोन्ही गटांची सुरुवात सारखी नव्हती, खऱ्या सुईच्या गटाला आधीपासून अधिक धाप लागत होती. आपला फाशांचा प्रयोग आठवा. संशोधकांनी गणिताने या फरकाची भरपाई केली आणि तरीही सुईचा फायदा दिसला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. दुसरी शंका अशी की, सुई खरी आहे की लटकी हे टोचणाऱ्याला ठाऊक होते. त्याच्या बोलण्यातला उत्साह रुग्णापर्यंत पोचला नसेल असे सांगता येत नाही. तिसरी गोष्ट जरा चमत्कारिक आहे. बारा आठवडे आपुलकीने लटका उपचार घेतलेल्या माणसांना थोडेदेखील बरे वाटू नये? इतर चाचण्यांत तसे दिसत नाही. २००४ साली ब्रिटनमधील डॉ. ल्यूइथ यांच्या चाचणीत सुईची तुलना एका बंद विजेच्या यंत्राशी केली होती. त्यात दोन्ही उपचारांनी रुग्णांना बरे वाटले आणि दोहोंत फरक आढळला नाही.

म्हणून एका चाचणीवर निकाल देता येत नाही. इतर देशांत, इतर संशोधकांनी, अधिक रुग्ण घेऊन ती पुन्हा करावी लागते. येथे आणखी एक सावधगिरी हवी. १९९८ साली ब्रिटनमधील विकर्स आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या देशवार लावून पाहिल्या. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून आलेली प्रत्येक चाचणी सुईच्या बाजूची निघाली. एखाद्या शाळेत दरवर्षी सगळीच मुले पहिल्या वर्गात येऊ लागली तर आपण मुलांचे कौतुक करण्याआधी तपासणीची पद्धत पाहू. तसेच हेही. प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्धच होत नसतील तर उरलेल्या लेखांची बेरीज करून सत्य हाती लागत नाही. २००८ साली ‘कॉक्रेन’ या पुराव्यांचे संकलन करणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात धापेवरील औषधाविना उपचारांची प्रतवारी केली होती. त्यात चालताना आधार देणारी साधने आणि श्वसनाचे प्रशिक्षण यांच्या बाजूचा पुरावा मध्यम, तर अ‍ॅक्युपंक्चरच्या बाजूचा दुबळा ठरला.

बरे वाटणे आणि बरे होणे

आता एक असा प्रयोग पाहू, ज्याने ही सारी चर्चा आरशासारखी स्वच्छ होते. तो सीओपीडीवरचा नसून दम्यावरचा आहे. दम्यात अरुंद झालेल्या नळ्या औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा रुंद होतात, म्हणून फरक स्पष्ट दिसतो.

२०११ साली अमेरिकेतील डॉ. वेक्सलर आणि सहकाऱ्यांनी दम्याच्या प्रत्येक रुग्णाला वेगवेगळ्या दिवशी चार प्रकारची वागणूक दिली. साल्ब्युटामॉल या औषधाचा पंप, औषध नसलेला पंप, लटकी सुई आणि काहीच न करता नुसते बसणे. चाचणी पूर्ण केलेले ३९ रुग्ण होते. एका सेकंदाची फुंकर खऱ्या पंपाने २० टक्क्यांनी वाढली. बाकीच्या तिन्ही प्रकारांत वाढ सुमारे ७ टक्के होती. म्हणजे फुप्फुसाच्या दृष्टीने लटकी सुई आणि नुसते बसणे यांत फरक नव्हता.

मग त्याच रुग्णांना विचारले, किती बरे वाटले? खऱ्या पंपाने ५० टक्के, औषध नसलेल्या पंपाने ४५ टक्के, लटक्या सुईने ४६ टक्के आणि नुसते बसून २१ टक्के सुधारणा, असे त्यांचे सरासरी उत्तर आले.

हे आकडे फळ्यावर दोन रकान्यांत लिहून मुलांना त्यावर विचार करू द्यावा. जाणीव म्हणते, खरा पंप आणि लटकी सुई जवळजवळ सारखेच. फुंकर म्हणते, दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्या रात्री नळ्या आवळत चाललेल्या असताना रुग्णाने जाणिवेवर भरवसा ठेवून पंप बाजूला ठेवला, तर काय होईल? आपण ज्या प्रश्नाचा विचार करत आहोत तो केवळ बौद्धिक नाही, हे येथे कळते.

सुईचा परिणाम असलाच तर कसा?

१९७६ साली कॅनडात पोमेरांझ आणि चिऊ यांना उंदरांत असे आढळले की, अ‍ॅक्युपंक्चरने कमी झालेली वेदना नॅलोक्सोन या औषधाने परत येते. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखते. याचा अर्थ सुईमुळे शरीरात अफूसारखी द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, स्रवत असावीत. आता धापेचा धागा जोडू. २००९ साली डॉ. माहलर आणि सहकाऱ्यांनी सीओपीडीच्या रुग्णांना नॅलोक्सोन देऊन फिरत्या पट्ट्यावर चालवले, तेव्हा त्यांना धाप जास्त जाणवली. म्हणजे शरीरातील ही द्रव्ये धापेची जाणीव सौम्य करत असतात.

दोन धागे जवळ आले, पण त्यांची गाठ बसली असे म्हणता येत नाही. सुईने सीओपीडीच्या रुग्णांत ही द्रव्ये पुरेशी वाढतात आणि त्यामुळेच धाप उतरते, हे मधले पाऊल सिद्ध व्हायला हवे. मान आणि छातीचे ताठरलेले स्नायू सैल होतात, हीही एक शक्यता मांडली जाते. शक्य असणे आणि सिद्ध असणे यांत अंतर असते, ते विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हे उदाहरण चांगले आहे.

सुई कितपत सुरक्षित?

प्रशिक्षित माणसाने, निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या सुया घेतल्या तर अ‍ॅक्युपंक्चर बरेच सुरक्षित आहे. २००१ साली ब्रिटनमधील एका पाहणीत ३४ हजारांहून अधिक उपचारांत एकही गंभीर इजा नोंदली गेली नाही. पण सीओपीडीच्या रुग्णाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याची फुप्फुसे फुगलेली असतात आणि काही ठिकाणी त्यांचे फुग्यासारखे पातळ कोश झालेले असतात. छातीत किंवा पाठीत सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत साचू शकते आणि फुप्फुस मिटते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांच्या पाहणीत असे दोन प्रसंग नोंदले गेले. म्हणजे हा धोका अगदी विरळा आहे. पण ज्याच्या फुप्फुसात मुळातच राखीव ताकद उरलेली नाही, त्याच्या बाबतीत तो प्राणावर बेतू शकतो.

त्याहून मोठा धोका सुईत नसून तिच्याबरोबर मिळणाऱ्या सल्ल्यात असतो. ‘आता पंप बंद करा, सवय लागेल’ असे सांगितले जाते, तेव्हा तो सुरू होतो. सुझुकींच्या चाचणीत सुया औषधांच्या जोडीला दिल्या होत्या, औषधांच्या जागी नव्हे. जे कोणी तिचा दाखला देतात त्यांनी हेही सांगायला हवे.

मग रुग्णाला काय सांगायचे?

प्रथम, ज्यांचा पुरावा भक्कम आहे त्या गोष्टी. धूर थांबवणे सर्वांत महत्त्वाचे. विडी-सिगारेट सोडली की फुप्फुसाची झीज मंदावते, हे फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ साली दाखवून दिले. चुलीच्या जागी गॅस किंवा निदान धुराला बाहेर जायला वाट, हाही उपचारच आहे. श्वासमार्ग रुंदावणारा पंप नियमित आणि योग्य रीतीने ओढणे हे दुसरे. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू फारच कमी झाला आहे, त्यांनी रोज पंधरा तास किंवा अधिक प्राणवायू घेतला तर आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमधील चाचण्यांनी सिद्ध केले.

चौथी गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. देखरेखीखाली केलेला नियमित व्यायाम आणि श्वसनाचे शिक्षण, ज्याला डॉक्टर फुप्फुस-पुनर्वसन म्हणतात. २०१५ साली कॉक्रेनने अशा ६५ चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत ३,८२२ रुग्ण होते. धाप कमी झाली आणि सहा मिनिटांतील अंतर सरासरी ४४ मीटरने वाढले. पुरावा इतका पुरेसा ठरला की, ‘पुनर्वसन विरुद्ध नेहमीचे उपचार’ अशी तुलना पुन्हा करण्याची आता गरज नाही, असे तेथे नमूद केले आहे. आणि गंमत अशी की, व्यायामानेही फुप्फुस दुरुस्त होत नाही. पायांचे स्नायू बळकट होतात, भीती कमी होते, तीच हवा अधिक पुरते. तेव्हा ‘फुंकर बदलत नाही, म्हणून सुई निरुपयोगी’ असा युक्तिवादही बरोबर ठरणार नाही. जाणीव सुधारणे हे उपचाराचे योग्य उद्दिष्ट आहे. फरक आहे तो पुराव्याच्या वजनात. एका पारड्यात निरनिराळ्या देशांतील हजारो रुग्ण आहेत, दुसऱ्यात अजून थोडेच.

म्हणून एखाद्या आजोबांनी ‘सुया टोचून घेऊ का?’ असे विचारले तर आमचे उत्तर असे असेल. धूर बंद करा, पंप चालू ठेवा, रोज चाला. डॉक्टरांना कळवून, प्रशिक्षित माणसाकडून सुयाही घेऊन पाहायच्या असतील तर पाहा. मात्र टोचणाऱ्याला आपला आजार आधी सांगा. पैसे किती जातात याचा हिशोब ठेवा. आणि बरे वाटले तरी पंप सोडू नका. तपासणीला जाल तेव्हा फुंकून दाखवा आणि चालूनही दाखवा.

वर्गात फळ्यावर लिहिलेले नळीच्या प्रयोगातील गुण आणि फाशांच्या सरासऱ्या अजून असतील, तर विद्यार्थ्यांना एक काम द्यावे. वर्तमानपत्रातील किंवा भिंतीवरील कोणत्याही उपचाराची एक जाहिरात आणायला सांगावी आणि तिला चार प्रश्न विचारायला लावावेत. नेमके काय सुधारले? ते कोणी, कशाने मोजले? तुलना कोणाशी केली? आणि दुसऱ्या कोणी ते पुन्हा करून पाहिले का? हे प्रश्न विचारण्यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांना ते सहज जमतात आणि त्यांच्या घरात धाप लागणारे कोणी असेल, तर त्या माणसाच्याही ते उपयोगी पडतात.